छातीतली धडधड आणि ‘काही नाही’ हे उत्तर

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घर झोपलेले असते. अचानक छातीत धडधड सुरू होते. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि पुढचा ठोका घणाचा घाव बसावा तसा बसतो. हात आपोआप मनगटावर जातो. मग झोप कसली? उजाडेपर्यंत आम्ही ठोके मोजत पडून राहतो. दोन वर्षे आम्ही हे भोगले आहे. सभेत उभे राहून लोकांना ‘निर्भय व्हा’ म्हणून सांगणारे आम्ही स्वतःच्या छातीला घाबरतो, हे कबूल करायला लाज वाटत होती. म्हणून कोणाजवळ बोललो नाही. परंतु न बोलल्याने धडधड काही थांबली नाही.

शेवटी दवाखान्याची पायरी चढलो. तीन तास रांगेत बसलो. ईसीजी निघाला. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढे एकच वाक्य पदरात पडले. आमच्या पुढे धुणीभांडी करणाऱ्या एक ताई होत्या. जिना चढताना त्यांचेही काळीज धडधडत होते. त्यांनाही तेच वाक्य मिळाले. त्यांचे रक्त तपासायला कोणी सांगितले नाही. या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलेले आहे. रक्त कमी असले की हृदयाला जास्त पळावे लागते. मग त्या ताईंनी टेन्शन घेऊ नये म्हणजे नेमके काय करावे?

वास्तविक ईसीजीचा कागद म्हणजे हृदयाचे काही सेकंदांचे चित्र. रात्री दोनची धडधड सकाळी अकराच्या कागदावर उमटणार कशी? त्यासाठी चोवीस तास किंवा त्याहून अधिक वेळ अंगावर बाळगायचे होल्टर नावाचे यंत्र असते. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याला आज साठ वर्षे उलटून गेली. तरीही आपल्या माणसांना हे यंत्र असते एवढेदेखील कोणी सांगत नाही.

पुढे आम्हाला एक ऐकून घेणारे डॉक्टर भेटले. त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले, होल्टर लावले. हृदय ठणठणीत निघाले. एखादा ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर क्षणभर थांबा येतो आणि पुढचा ठोका जोराने बसतो. ठोका चुकला असे वाटते ते त्यामुळे, हे त्यांनी कागदावर रेघा ओढून समजावले. असे जादा ठोके अनेक धडधाकट माणसांनाही पडतात.

परंतु खरी गोष्ट येथूनच सुरू होते. रिपोर्ट खिशात आणि बोटे मनगटावर, अशी आमची गत झाली. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन सुटते, त्याने हृदय पळते, हृदय पळाले की भीती आणखी वाढते. हे रहाटगाडगे दुबळ्या मनाचे लक्षण नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांनाही अशीच धडधड होत होती. त्यांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ साली त्यावर सविस्तर लिहिले. बंदुकीला न डरणाऱ्यांचे हे हाल, तर आम्ही कशाला लाजावे?

आम्ही उपाशीपोटीचा चहा सोडला, तंबाखू सोडली, जागरणे कमी केली. नाडी मोजायची नाही, असा नियम केला. हृदयाच्या भीतीने टाळलेला जिना पुन्हा चढू लागलो. समुपदेशकाकडे गेलो आणि तसे चारचौघांत सांगितले.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. धडधडीबरोबर छातीत दुखले, दम लागला, चक्कर येऊन शुद्ध हरपली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर मनाचे खेळ म्हणून घरी बसू नका. दुखणे, दम किंवा बेशुद्धी असेल तर लगेच १०८ ला फोन करा. अंगारा, उतारा यांत वेळ घालवू नका.

आता शासनाला आमचे सांगणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा मोफत टेलिमानस क्रमांक सुरू आहे, त्यावर मराठीतून बोलता येते. हे चांगलेच झाले. पण हा क्रमांक किती दवाखान्यांच्या भिंतीवर लिहिलेला आहे? धडधडीची तक्रार घेऊन येणाऱ्या मजुराचे रक्त आणि थायरॉइड तपासले गेले पाहिजे, गरज असेल तर होल्टर फुकट लागले पाहिजे आणि त्याची भीती ऐकून घेणारा माणूस त्याच इमारतीत बसला पाहिजे. पैसेवाल्याला हे सर्व एका फेरीत मिळते. गरिबाला मात्र ‘काही नाही’.

धडधड आम्हाला अजूनही होते. आता आम्ही मनगट धरत नाही, कूस बदलून झोपतो. परंतु न तपासता दिलेले ‘काही नाही’ हे उत्तर यापुढे आम्ही ऐकून घेणार नाही. बंधू-भगिनींनो, तुम्हीही ऐकून घेऊ नका. ‘काय काय तपासले ते सांगा’ असे डॉक्टरांना नम्रपणे, पण ठामपणे विचारा. आणि तपासून झाल्यावर ‘हृदय चांगले आहे’ असे सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवायलाही शिका.