आहारातील स्नेह आणि उन्हाचा दाह
त्वचेच्या रक्षणासाठी अमुक तेल प्यावे, असा उपदेश हल्ली सर्रास ऐकू येतो. सूर्याचे जंबुपार किरण पेशींतील स्निग्ध द्रव्यांवरही आघात करतात. तेव्हा आहाराचा संबंध अगदीच उडवून लावता येत नाही. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्वचेचा कर्करोग झालेले ७६ रुग्ण दोन वर्षे निरीक्षणाखाली होते. ज्यांनी आहारातील स्निग्धांश एकूण उष्मांकांच्या सुमारे २० टक्क्यांवर आणला, त्यांना उन्हाने उठणारे खरखरीत, कर्करोगपूर्व चट्टे सरासरी ३ नवे आले, इतरांना १०. म्हणजे गुण आला तो स्निग्धांश घटविल्याने, कोणतेही तेल वाढविल्याने नव्हे! माशांच्या तेलाने त्वचा भाजण्यास किंचित अधिक ऊन लागते, असेही आढळले आहे खरे. परंतु तेवढ्या बळावर भर दुपारी शेतात राबणाऱ्यास पागोट्याऐवजी तेलाची बाटली सुचविणे आम्हांस गैर वाटते.