चार्जर घेताना बॉक्स नको, आकडे वाचा!

आलापल्ली सोडलं, भामरागडचा रस्ता धरला आणि दोन्ही बाजूंनी सागवान सुरू झालं, की फोनची रेंज कधी जाते ते कळतही नाही. मागच्या पावसाळ्यात आम्ही चौघं मित्र कारने निघालो होतो. फोन चार्जिंगला लावलेला, स्क्रीनवर विजेचं चिन्हही दिसत होतं. तरी टक्के मात्र उतरतच होते. ३१, २४, १६... चार्जर होता बसस्टँडजवळ घेतलेला, दीडशे रुपयांचा. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत 'फास्ट'!

तेव्हा गंमत वाटली. पण विचार करा, त्या रस्त्यावर गाडी बंद पडली असती किंवा कुणाला लागलं असतं तर? १०८ किंवा ११२ लावायला रेंज शोधत पुढे जावं लागतं, आणि रेंज मिळेपर्यंत फोन जिवंत असावा लागतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण दरवर्षी वाचतो. अशा भागात चार्जर ही चैन नाही, गाडीतल्या स्टेपनीसारखी गरज आहे.

मग टक्के का उतरत होते? रेंज कमी असली की फोन टॉवर शोधण्यासाठी जास्त ताकद लावतो. त्यात मॅप सुरू, स्क्रीन फुल ब्राइट. चार्जर जेमतेम ५ वॅट देत असेल तर येणारं सगळं तिथेच खर्च होतं, बॅटरीत काय उरणार?

म्हणून घेताना गणित करा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे फक्त ५ वॅट. ५ व्होल्ट, २.४ अँपिअर म्हणजे १२. ९ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर १८ वॅट, आणि हे कामाचं. दोन पोर्ट असतील तर छापलेला आकडा एका पोर्टचा की दोन्हींचा मिळून, हे दुकानदाराला विचाराच. टाइप-सी पोर्ट आणि 'पीडी' लिहिलेला चार्जर बहुतेक नव्या फोनना चालतो. पण काही कंपन्यांचं सुपरफास्ट चार्जिंग त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालतं. दुसरा लावला तर चार्ज होतो, पण सावकाश. ट्रक किंवा बसमध्येही वापरायचा असेल तर १२-२४ व्होल्ट लिहिलेलाच घ्या, कारण मोठ्या गाड्यांची बॅटरी सहसा २४ व्होल्टची असते.

अर्धा घोळ केबलचा असतो. चार्जरवर हजार रुपये घालायचे आणि केबल पन्नासची, असं आपण सगळेच करतो. लांब आणि बारीक तारेची केबल वाटेतच व्होल्टेज खाते. गाडीत एक मीटर पुरते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी ३ अँपिअरची केबल ६० वॅटपर्यंत चालते, फोनला तेवढी भरपूर झाली.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. काचेमागे डॅशबोर्डवर फोन ठेवून चार्ज केला तर तो गरम होऊन स्वतःच चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. एसीच्या झोताजवळ ठेवा, कव्हर काढा.

आता मुद्द्याचं. 'फास्ट' लिहून ५ वॅटचा माल विकणं ही फसवणूक आहे, आणि ती चालते कारण आपण बिल मागत नाही. बिल घ्या, फसलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. टॉवरची मागणी तर आपण करत राहूच, पण तो उभा राहीपर्यंत निघण्याआधी ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, घरचे दोन नंबर कागदावर लिहून घ्या. जंगलात बॉक्सवरचं 'फास्ट' कामाला येत नाही भाऊ, तयारीच येते!