भाविकांची वाट आणि देवस्थानांची संकेतस्थळे

आषाढीच्या वारीत पाहणाऱ्याच्या कानी प्रथम येतो तो टाळमृदंगांचा गजर. त्या गजरामागची शिस्त मात्र आम्हांस दरवर्षी नव्याने थक्क करते. ज्ञानदेवांच्या पालखी सोहळ्यास हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात जे रूप दिले, त्यात प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली आहे. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीस आपला क्रमांक. लाखोंच्या गर्दीत चुकलेल्या माउलीस ‘रथामागे अमुक क्रमांक’ एवढे सांगता आले, की कोणीही वारकरी तिला तिच्या माणसांत नेऊन सोडतो.

देवस्थानांची संकेतस्थळे रचणाऱ्यांनी ही व्यवस्था एकदा डोळे भरून पाहावी. मागे शेजारच्या आजीबाईंसाठी आम्ही एका मोठ्या देवस्थानाचे संकेतस्थळ उघडले. त्यांचा प्रश्न एकच : वृद्धांसाठी वेगळी रांग आहे काय? पहिल्या पानावर सरकती चित्रे होती, विश्वस्तांची छायाचित्रे होती, आपोआप सुरू होणारी आरतीही होती. (आरती गोड होती, ती थांबवावी कशी, हे मात्र उमगले नाही.) ‘सूचना’ या शब्दाखाली दिनांकाविना कागदांची चित्रे एकाखाली एक लावलेली. भ्रमणध्वनीवर त्यांतील एक अक्षर लागेना. अंध भाविकास मजकूर वाचून दाखविणारे यंत्र तर अशा चित्रापुढे मुकेच होते.

“राहू द्या, तिथं गेल्यावर विचारीन,” आजीबाई म्हणाल्या. पण तिथे गेल्यावर कळणे फार महाग पडते. 2024 साली जतनाच्या कामामुळे पंढरपुरास पदस्पर्शदर्शन काही आठवडे बंद होते, मुखदर्शन तेवढे चालू होते. उलट आषाढीस देवाचा पलंग काढला की दर्शन अहोरात्र सुरू राहते; एरवीचे वेळापत्रक तेव्हा लागू नसते. अशी वार्ता एस.टी.त बसण्यापूर्वी कळावयास हवी, आणि म्हणून तिची जागा पहिल्या पानाच्या माथ्यावर, अक्षरांत, दिनांकासह असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘प्रशासन’, ‘उपक्रम’, ‘माध्यमे’ ही कचेरीची खाती झाली. दर्शन केव्हा, रांग कोठून, मुक्काम कोठे, हे भाविकाचे प्रश्न; संकेतस्थळाची दालने त्यांच्याच नावांनी उघडावीत.

आजीबाईंसाठी आम्ही अखेर दूरध्वनी केला. वृद्धांची रांग वेगळी आहे, दक्षिणेच्या दाराने. संकेतस्थळावर ही एक ओळ आम्हांस कोठेही आढळली नव्हती.