विश्लेषण : गाणे घरात रेकॉर्ड झाले, पण मालकी कोणाची? झाडीपट्टी आणि गोंडी कलावंतांपुढचा पेच काय?

गाणे ‘रेकॉर्ड’ करायचे तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या गायकाला एकेकाळी नागपूर गाठावे लागे. आता ते काम घरातल्या एका खोलीत होते. झाडीपट्टीची गाणी, भीमगीते, खंजिरी भजने आणि गोंडी-माडिया गीते याच वाटेने यूट्यूबवर येत आहेत. यंत्रांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला आहे. खोलीचा आणि त्याहून अधिक कागदाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

घरगुती ध्वनिमुद्रणाची गरज इथे अधिक का?

गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. भामरागडहून गडचिरोली शहर गाठायलाच जवळपास तेवढे अंतर कापावे लागते आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. चार वादक, वाद्ये, मुक्काम आणि तासाच्या हिशेबाने स्टुडिओचे भाडे, असा खर्च हौशी मंडळाला परवडणारा नव्हता. दुसरा मार्ग आकाशवाणीचा. तिथे ऑडिशन देऊन श्रेणी मिळवावी लागते आणि कार्यक्रम वाट्याला येईपर्यंत थांबावे लागते.

गाण्यांची मात्र इथे कधीच वानवा नव्हती. वडसा म्हणजे देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर सुरू होणारा हंगाम होळीपर्यंत चालतो. रात्रभराच्या प्रयोगात गाणी प्रत्यक्ष गायली-वाजवली जातात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण हंगाम संपला की गायक-वादकांचे मानधनही थांबते. चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत धम्मदीक्षा सोहळा झाला. त्यामुळे ऑक्टोबर आणि एप्रिल हे इथे भीमगीतांचे महिने. चिमूर परिसरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनाची परंपरा आहे. गोंडीचा तर हिशेबच वेगळा. २०११ च्या जनगणनेत देशभरात २९ लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. मोठ्या संगीत कंपन्यांनी तिच्याकडे बाजारपेठ म्हणून पाहिले नाही. तेव्हा ज्याला गोंडीत गायचे आहे, त्याने स्वतःच मुद्रण करणे ओघानेच आले.

किमान काय लागते?

एक माइक, माइकचा आवाज संगणकात नेणारा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, स्टँड आणि लॅपटॉप. लॅपटॉप वगळता हा संच साधारण २५ ते ३० हजार रुपयांत उभा राहतो. ‘ऑडॅसिटी’ आणि ‘बँडलॅब’ या प्रणाली मोफत आहेत. ‘रीपर’ विकत घ्यावी लागते, पण ६० दिवस विनाशुल्क वापरता येते. एकट्याच्या गाण्याला यापेक्षा जास्त सामान लागत नाही. तरीही पहिल्या महिन्यातच मोठे स्पीकर आणि मिक्सर घेतले जातात. ते पैसे खोलीवर खर्च झाले तर फरक ताबडतोब कानाला कळेल.

चांगला माइक घेऊनही आवाज घुमतो, तो का?

कारण माइक गायकाबरोबर खोलीही ऐकतो. सिमेंटच्या भिंती, स्लॅब आणि फरशी असलेल्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की तिचा झणझणीत प्रतिध्वनी येतो. नेमका तोच गाण्यात उतरतो आणि एकदा उतरला की नंतर पुरता काढता येत नाही. मातीच्या भिंतींचे, कौलारू, सामानाने भरलेले जुने घर या कामाला नव्या घरापेक्षा अनेकदा बरे ठरते. धानाची पोती रचून ठेवलेली खोली असेल तर उत्तमच. पोती आवाज शोषतातही आणि विखुरतातही. तसे काही नसेल तर गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या किंवा गाद्या उभ्या कराव्यात. माइक समोरचा आवाज घेतो, म्हणून गायकाच्या पाठीमागची भिंत झाकणे सर्वांत महत्त्वाचे. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा उपाय लोकप्रिय आहे, पण पातळ पुठ्ठा फारसा आवाज शोषत नाही.

माइकची निवडही खोली पाहूनच करावी लागते. ४८ व्होल्टच्या ‘फँटम पॉवर’वर चालणारा कंडेन्सर माइक बारीकसारीक तपशील टिपतो. तसाच तो कोळशाच्या ट्रकची घरघर, शेजारचा कोंबडा आणि छताचा पंखाही टिपतो. रस्त्याकाठच्या घरात गाणाऱ्याला साधा डायनॅमिक माइकच सोयीचा. गायक त्यापासून वीतभर अंतरावर असावा. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज साधारण सहा डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र तसाच राहतो.

चंद्रपूरचा उन्हाळा ही आणखी एक अडचण. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की कूलर बंद ठेवून गाणे अवघड आणि सुरू ठेवला तर प्रत्येक ओळीमागे त्याची घरघर. ती सॉफ्टवेअरने काढता येते, पण जास्त काढली की आवाज पाण्यातून आल्यासारखा लागतो. त्यापेक्षा पहाटेची वेळ बरी. आणि पत्र्याच्या छपराखाली पावसात मुद्रणाचा विचारच करू नये.

ढोल, खंजिरी आणि समूहगीतांचे काय?

खरी कसोटी इथे आहे. यूट्यूबवर शिकवले जाणारे तंत्र मुख्यतः एकट्या गायकासाठीचे असते. कानात मेट्रोनोमची टिकटिक, आधी की-बोर्डचा ट्रॅक, त्यावर आवाज. रेला गीते अशी होत नाहीत. एका गटाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची, नाचणाऱ्यांच्या पावलांनी लय धरायची. एकेकीला माइकसमोर उभी करून गायला लावले तर शब्द येतात, गाणे येत नाही. अशा वेळी सगळ्यांना अंगणात गोलाकार उभे करून दोन माइकचा हातात मावणारा रेकॉर्डर योग्य अंतरावर ठेवणे हाच सरळ मार्ग. ढोल आवाजांपेक्षा लांब असावा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी, कारण डिजिटल मुद्रणात आवाज एकदा फाटला की तो सांधता येत नाही. अलीकडच्या ‘३२-बिट फ्लोट’ रेकॉर्डरमध्ये हा धोका बराच कमी झाला आहे. खंजिरीच्या झांजा माइकच्या थेट समोर आल्या तर कानाला टोचतात. वादकाने थोडे तिरके बसले तरी पुरते.

‘ऑटो-ट्यून’बाबत अधिक सावध राहायला हवे. तेलसाठ्यांच्या शोधासाठी भूकंपलहरींवर काम केलेल्या अँडी हिल्डेब्रँड यांनी ते १९९७ मध्ये बाजारात आणले. सर्वसाधारण मांडणीत ते प्रत्येक सूर की-बोर्डच्या बारा पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीत ओढून बसवते. लोकगीतातले मधले सूर त्याला चूक वाटतात. सुधारणेच्या नावाखाली गाण्याची ओळखच पुसली जाते.

यातून कमाई होते का?

फारशी नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज) लागते. स्पॉटिफायने २०२४ पासून, वर्षात एक हजारांपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला मोबदला देणे बंद केले आहे. लहान भाषेतल्या गाण्याला हे उंबरठे उंचच आहेत. म्हणून अनेकांसाठी मुद्रित गाणे ही पुढच्या कार्यक्रमाची सुपारी मिळवण्याची जाहिरात असते.

मग मालकीचा प्रश्न का महत्त्वाचा?

आज कमाई थोडी असली तरी हक्क दीर्घकाळाचा असतो. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक त्याचा ‘निर्माता’ असतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते केले तो. हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांचे हक्क त्याहून वेगळे. घरी स्वतःच्या यंत्रावर मुद्रण करणारा गायक कायद्याच्या भाषेत निर्माता झाला, हा या बदलाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित अर्थ आहे. तेच गाणे ‘सदस्य जास्त आहेत’ म्हणून दुसऱ्याच्या चॅनेलवर गेले, की जाहिरातीचे पैसे चॅनेलमालकाच्या खात्यात जमा होतात आणि गायकाच्या हाती काहीच लेखी उरत नाही.

हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय वैध नसते, हे कलम १९ मध्ये स्पष्ट आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही सुरक्षित केला. तो गोळा करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था १९६९ पासून आहे. सदस्य झाल्याशिवाय मात्र तिच्याकडून काही मिळत नाही. भीमगीते आणि नाट्यगीतांत एक अडचण वेगळी आहे. सिनेगीताच्या चालीवर शब्द बसवले असतील तर चाल दुसऱ्याची असते आणि यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा ती ओळखू शकते.

पारंपरिक गाणे कोणाचे?

पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जाणाऱ्या गीताच्या शब्दांवर किंवा चालीवर स्वामित्वहक्क कोणाचाच नसतो. मुद्रण करणाऱ्याला त्या मुद्रणाचा हक्क मात्र मिळतो. त्यामुळे बाहेरच्या कंपनीने आधी मुद्रित केलेल्या गाण्यावरून गावाच्याच व्हिडीओवर दावा येण्याची शक्यता राहते. एकमेव हक्क नसलेली सामग्री ‘कंटेंट आयडी’त टाकता येत नाही, असा यूट्यूबचा नियम आहे. गावाने हरकत घेतली तर दावेदाराला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण हरकत घ्यायला आधी दावा लक्षात यावा लागतो.

याहून भक्कम आधार गडचिरोलीला परिचित असलेल्या कायद्यात आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ट) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘के’ उपकलमात, जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी संबंधित बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मान्य केला आहे. याच कायद्याच्या बळावर मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही. गाण्यांसाठीही ग्रामसभेला ठराव करता येईल. गावात मुद्रणासाठी येणाऱ्याने गायिकांची नावे द्यावीत, उत्पन्नातला वाटा लिहून द्यावा आणि संपादन न केलेल्या मूळ मुद्रणाची प्रत गावाकडे ठेवावी, एवढ्या अटी त्यात पुरेशा आहेत. पाच मिनिटांचे दर्जेदार स्टिरिओ मुद्रण सुमारे ८६ एमबी भरते. म्हणजे गावाची शेकडो गाणी एका छोट्या हार्डडिस्कवर मावतील. फक्त तशा दोन डिस्क असाव्यात आणि त्या एकाच घरात ठेवू नयेत.