किडनी कोण देणार? हा प्रश्न आधी तिला एकटीला विचारा

डायलिसिस सुरू झाले की बहुतेक घरांत एक बैठक होते. रुग्ण कॉटवर, भाऊ खुर्चीत, काका-मामा दाराशी. डॉक्टरांनी सांगितलेले असते, "ट्रान्सप्लांट करता येईल, घरातून कोणी किडनी देणारे आहे का बघा." थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग कोणीतरी म्हणते, "आई आहे की." नाहीतर, "वहिनी देतील, दुसरं कोण देणार?" वहिनी त्या वेळी आत सगळ्यांसाठी चहा टाकत असतात. निर्णय त्यांना चहा बाहेर आणल्यावर कळतो.

पाचगणीसारख्या लहान गावात तर ही गोष्ट घरातही राहत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पसरणी घाट उतरून डायलिसिसला जाणारा माणूस सगळ्या बाजाराला माहीत असतो. "बायको देत कशी नाही?" हे मग बाजारच विचारू लागतो. "भाऊ देत कसा नाही?" असे विचारलेले मी फारसे ऐकलेले नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. जिला "नाही" म्हणायची सोयच नाही, तिच्या "हो"ला संमती म्हणता येत नाही. हे तुम्हाला कडू वाटेल, तरी शेवटपर्यंत वाचा.

आकडे काय सांगतात?

१९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणे झाल्याची नोंद आहे. त्यांपैकी स्त्रियांना अवयव मिळाले ६,९४५. म्हणजे अवयव मिळालेल्या दर पाच जणांत चार पुरुष. देणाऱ्यांकडे पाहिले तर चित्र बरोबर उलटे आहे. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांत आई आणि पत्नी सर्वांत पुढे.

यावर ठरलेली उत्तरे येतात. "पुरुषांनाच हा आजार जास्त होतो." किडनीचा दीर्घ आजार जगभरात स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कमी नाही. "पुरुष कमावतो, तो कसा झोपून राहील?" मग पहाटेपासून स्ट्रॉबेरीच्या शेतात वाकून काम करणारी, शाळेच्या मेसमध्ये पोळ्या लाटणारी, आणि घरी येऊन पुन्हा चूल पेटवणारी बाई काय करते? एक वैद्यकीय कारण मात्र खरे आहे. बाळंतपणामुळे काही स्त्रियांच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि मग नवऱ्याची किडनी बायकोला चालत नाही. पण त्यामुळे तिचे भाऊ, वडील आणि मुलगे तपासणीला का येत नाहीत, याचे उत्तर मिळत नाही.

दबाव ओरडून येत नाही

कोणी तिला धमकी देत नाही. सासू फक्त म्हणते, "तुझ्या कुंकवाचा प्रश्न आहे." आईला कोणी काही म्हणतही नाही, तिने द्यायचे हे गृहीतच असते. लग्नाच्या मुलीबाबत दोन्ही बाजूंनी ओढाताण होते: वडिलांना किडनी दिली तर लग्न जमेल का, आणि नाही दिली तर लोक काय म्हणतील. बहिणीने भावाला द्यायची ठरवली की सासरचे विचारतात, "आमच्या सुनेच्या जिवाचं काय?" तिच्या पोटातल्या किडनीवर दोन घरे हक्क सांगतात. तिला स्वतःला काय वाटते, हे दोन्ही घरांत कोणी विचारत नाही.

घेणाऱ्याच्या मनावरही ओझे असते. अनेक आईवडील मुलांची किडनी घ्यायला साफ नकार देतात. काही नवरे शस्त्रक्रियेनंतर बायकोशी मोकळे बोलू शकत नाहीत, कारण हे उपकार फेडता येणारे नसतात. आणि ती किडनी काही वर्षांनी निकामी झाली तर देणारीला वाटते, माझेच काही कमी पडले. याबद्दल शस्त्रक्रियेआधी घरात बोलले गेले पाहिजे.

गैरसमज नको. मनापासून किडनी देणाऱ्यांपैकी बहुतेक जण नंतरही समाधानी असतात, "पुन्हा वेळ आली तरी दिली असती" असे म्हणतात. अशा स्त्री-पुरुषांपुढे मी हात जोडतो. माझा राग दानावर नाही, गृहीत धरण्यावर आहे.

देणाऱ्याला धोका किती?

"काही होत नाही" हे खोटे आहे आणि "आयुष्य संपतं" हेही खोटे आहे. किडनी काढण्याच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका दहा हजारांत तीनच्या आसपास असतो. साधारण सहा आठवडे जड वजन उचलायचे नाही. पाण्याचा हंडा आणि शेतातले क्रेटही त्यात आले. पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन तपासावे लागते. एक किडनी दिलेल्या व्यक्तीची उरलेली किडनी निकामी होण्याची शक्यता थोडी वाढते, पण ती कमीच राहते.

तरुण स्त्रियांना एक गोष्ट हमखास सांगायची राहते. किडनी दिल्यानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढून गुंतागुंत होण्याचा धोका दुपटीच्या आसपास जातो. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांना हे आधी कळणे हा त्यांचा हक्क आहे.

कायदा तिच्या बाजूने आहे

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा. त्याच्या २०१४च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाशिवाय दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्यावी. ही तरतूद उगाच आलेली नाही. २०२२ मध्ये पुण्यात एक प्रकरण उघडकीस आले. पैशांचे आमिष दाखवून कोल्हापूरकडच्या एका महिलेला रुग्णाची पत्नी म्हणून उभे केले, असा आरोप होता. कागद सगळे "बरोबर" होते.

पण सख्ख्या घरातली, खऱ्या कागदपत्रांची बाई तरी मोकळी असते का? मुलाखतीला जाताना गाडीत तिला उत्तरे पाठ करून दिली जातात आणि दीर दाराबाहेर थांबतो. म्हणून ताई, हे लक्षात ठेवा: शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत केव्हाही तुम्ही "नको" म्हणू शकता. डॉक्टरांना एकटे भेटायचे आहे असे सांगा. तुमची इच्छा नसेल तर आम्ही घरच्यांना एवढेच सांगतो, "दाता म्हणून योग्य नाहीत." कारण सांगायला आम्ही बांधील नाही. जो डॉक्टर नातेवाइकांसमोरच तुमची संमती विचारतो, त्याने ती विचारलेलीच नाही.

आणि मृत दाता?

आता सगळ्यांनाच टोचेल असे बोलतो. आपण मेलेल्या माणसाच्या किडन्या जाळतो किंवा पुरतो, आणि जिवंत बाईची मागतो.

२०२३ मध्ये देशात मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या पहिल्यांदा हजाराच्या वर गेली, १,०९९ झाली. एकशे चाळीस कोटींच्या देशात! स्पेनमध्ये दर दहा लाख लोकांमागे चाळीसहून अधिक दाते मिळतात. आपल्याकडे दहा लाखांमागे एकही नाही.

घरी मृत्यू झाला तर किडनी देता येत नाही. डोळे मात्र सहा तासांच्या आत देता येतात. किडनीसाठी मेंदूमृत्यू आयसीयूमध्ये, व्हेंटिलेटरवर असताना झालेला असावा लागतो. घाटातल्या अपघातात डोक्याला मार लागलेला तरुण असो की मेंदूत रक्तस्राव झालेले आजोबा, चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, तेव्हाच मेंदूमृत्यू जाहीर होतो. त्यानंतर घरच्यांची संमती लागते. शरीर व्यवस्थित शिवून परत मिळते, अंत्यविधी नेहमीसारखे होतात. "पुढच्या जन्मी किडनीशिवाय जन्माला येईल" म्हणणाऱ्यांना दधीची ऋषींची गोष्ट आठवून द्यावी. असा एक दाता दोन रुग्णांना किडनी देतो, आणि दोन घरांतल्या आईला किंवा बायकोला टेबलावर जावे लागत नाही.

जिवंत दात्याची किडनी सरासरी जास्त वर्षे टिकते, आणि मृत दात्याच्या किडनीसाठी कित्येकदा वर्षानुवर्षे थांबावे लागते, हे खरे आहे. पण ती रांग एवढी लांब कशामुळे झाली? आपल्या घरच्याच्या वेळी "नको" म्हणणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांमुळे. आणि "आई आहे ना" म्हणून कित्येक रुग्ण त्या रांगेत नावही लावत नाहीत.

एवढे करा

१. डायलिसिस सुरू होताच प्रत्यारोपण केंद्रामार्फत प्रतीक्षायादीत नाव नोंदवा. पश्चिम महाराष्ट्राची यादी पुण्याची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती पाहते. घरात दाता असला तरी नोंदवा.

२. तपासणीची यादी पुरुषांपासून सुरू करा. भाऊ, वडील, मुलगे, नवरा. त्यांचे नाही जुळले तर पुढे जा.

३. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करून प्रत्यारोपण करता येते. कायद्याने परवानगी आहे, केंद्रात विचारा.

४. देणारीला आधी एकटीला विचारा, आणि तिने "नाही" म्हटले तर तिला पुन्हा विचारू नका.

५. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रत्यारोपण बसते का ते आधी विचारा, म्हणजे पैशांच्या घाईत कोणावर दबाव येणार नाही.

६. आज रात्री जेवताना घरी सांगा, "मला काही झालं तर माझे अवयव द्या." नुसते कार्ड भरून भागत नाही. त्या वेळी सही घरच्यांची लागते, आणि तुमची इच्छा माहीत असलेल्या माणसाचा हात सही करताना कमी थरथरतो.

आणि हो, ही बैठक तुमच्या घरी झाली, तर चहा त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी करा. तिला आधी बाहेर येऊन बसू द्या.