रात्रीचा शेक आणि सूर्यास्तापूर्वीचे ताट



गेल्या महिन्यात आमच्या घरात थोडी वादावादी झाली. नातू जिमला जातो. तिथल्या शिक्षकाने त्याला रात्री झोपताना प्रोटीन शेक प्यायला सांगितले. आमच्याकडे रात्रिभोजन त्याग. सूनबाई बिचारी मध्ये अडकली. नातू म्हणाला, "आजी, हे संशोधनाने सिद्ध झालंय." म्हटले, मग ते संशोधनच बघू.

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात ल्यूक व्हॅन लून नावाचे प्राध्यापक आहेत. खाल्लेल्या प्रथिनांचा स्नायूंना कसा उपयोग होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने १६ तरुणांकडून संध्याकाळी वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला. निम्म्यांना झोपण्यापूर्वी दुधातले केसिन हे प्रथिन ४० ग्रॅम दिले. त्यांच्या स्नायूंची रात्रीतली बांधणी सुमारे २२ टक्के जास्त झाली. म्हणजे नातू खोटे बोलत नव्हता.

२०१५ मध्ये याच गटाचा बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रात्री प्रथिन घेणाऱ्या मुलांचे स्नायू आणि ताकद जास्त वाढली. पण इथे माझे बी.कॉम. जागे झाले! दुसऱ्या मुलांना नुसतेच बिनप्रथिनाचे पेय दिले होते. म्हणजे पहिल्यांच्या खात्यात रोजची जमाच जास्त. मग शिल्लक वाढली ती रात्री भरल्यामुळे की जास्त भरल्यामुळे? त्या प्रयोगातून हे कळत नाही. तेवढ्यासाठी नियम मोडायचे कारण मला तरी दिसत नाही.

मात्र नियम पाळतो म्हणून आपले सगळे बरोबर, असेही नाही. आपण रात्रिभोजन सोडले ते जीवदयेसाठी. त्याला विज्ञानाचा दाखला लागत नाही, आणि त्या नावाखाली शरीराची हेळसांडही करू नये. आपल्यातल्या कितीजणी साडेपाचला चहा-खाकऱ्यावर भागवतात? मग सकाळपर्यंत बारा-तेरा तास पोटात काही नाही. वय वाढले की तेवढ्याच प्रथिनाला स्नायू पूर्वीइतकी साथ देत नाहीत, हेही याच क्षेत्रातले संशोधन सांगते. जिना चढताना गुडघ्यांना दोष देतो, पण मांड्या ओसरलेल्या असतात.

म्हणून माझे मत असे: वेळ बदलू नका, ताट बदला. सूर्यास्तापूर्वी दाट वरण, पिठले किंवा पनीर असू द्या. दूध-दही द्विदल सांभाळून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्या मुलांनी आधी व्यायाम केला होता, हे विसरू नका. खुर्चीतून दहा वेळा उठबस करणे आपल्यालाही जमते.

नातवाने जिमची वेळ चारची करून घेतली. आता तो सहाच्या आत पनीर-पोळी खातो. आणि मी त्याच्या शेजारी बसून वाटीभर वरण जास्त घेते.