इन्सुलिन फुकट देता, पण मोजायचं कशानं?

पोस्ट मोठी आहे, पण विषय जिवाचा आहे. ज्यांच्या घरात इन्सुलिनची बाटली आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही वाचा, कारण एसटी स्टँडवर घामाघूम होऊन पडलेला माणूस उद्या तुमच्या समोर असेल.

१४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा हा जन्मदिवस. आपल्या तालुक्यात त्या दिवशी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. रॅली, बॅनर, टोप्या. मग शिबिर. रांगेत उभं करून बोट टोचायचं, आकडा फॉर्मवर लिहायचा, फोटो काढायचा. शेवटी पाहुण्यांचं भाषण: गोड कमी खा, रोज चाला, टेन्शन घेऊ नका. आणि भाषण संपलं की चहा-बिस्किटं.

तपासणी व्हायलाच पाहिजे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणांना तो असल्याचं ठाऊकसुद्धा नाही. त्यांना शोधा, जरूर शोधा. माझा प्रश्न पुढचा आहे. ज्याला मधुमेह आहे की नाही हे बघायचंय, त्याच्यासाठी सरकारकडे स्ट्रिप आहे. जो दिवसातून दोनदा-चारदा पोटात सुई टोचून घेतो, त्याच्यासाठी मात्र आमच्याकडे एकही स्ट्रिप मिळत नाही. खिडकीवर बाटली हातात देतात (ती असली तर), सिरिंज देतात (ती असली तर), आणि पुढचा नंबर पुकारतात.

मी १४ वर्षं इन्सुलिनवर आहे. डॉक्टर नाही, शेती करतो. त्यामुळे शेतीच्या भाषेत सांगतो. मोटर चालू करून दिली, पण विहिरीत पाणी किती आहे आणि वाफा भरला की नाही ते बघायचं नाही असं सांगितलं, तर त्याला कोणी पाणी देणं म्हणेल का? स्ट्रिपशिवाय इन्सुलिन म्हणजे हेच. फरक इतकाच, की इथं वाफा फुटला तर माणूस जातो.

बाहेरच्या लोकांना वाटतं, शुगर म्हणजे फक्त वाढते. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर दोन्हीकडे पळते. वाढली तर डोळे, किडनी, पायाच्या नसा हळूहळू वर्षानुवर्षं खराब होतात. पण ७० च्या खाली गेली की तो प्रश्न मिनिटांचा असतो. हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, बोलणं अडखळतं, माणूस चिडतो, काहीतरीच बरळतो. आणखी खाली गेली की फिट किंवा बेशुद्धी. पुरुष असेल तर लोक म्हणतात, "दिवसाढवळ्या पिऊन पडलाय." पोरगी असेल तर "हिच्या अंगात आलंय." साखरेचं पाणी द्यायच्या वेळेला लिंबू उतरवायला निघणारे लोक आपल्याच गावात आहेत.

आणि शुगर खाली का जाते? कारण एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांना ३०/७० ची बाटली चालू असते. त्यातलं ३० टक्के अर्ध्या तासात कामाला लागतं. उरलेलं ७० टक्के सावकाश उठतं आणि दुपारभर काम करत राहतं. ते तुमच्या जेवणाची वाट बघत नाही. सकाळी ८ ला टोचलं, आणि मुकादमाने जेवणाची सुट्टी २ ला दिली, किंवा लग्नात पंगत ३ ला बसली, तर तो मधला वेळ अंगातल्या साखरेवरच निघतो. ती संपली की माणूस कोसळतो. यात त्याने पथ्य मोडलेलं नसतं. उलट पथ्य पाळून, वेळेवर टोचून घेऊन तो पडलेला असतो.

म्हणून "तुम्ही पथ्य पाळत नाही" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मला जे काही शिकता आलं ते एका दोनशे पानी वहीने शिकवलं, आणि ती वही स्वतःच्या पैशाच्या स्ट्रिपांनी भरली. त्यातलं थोडं सांगतो, म्हणजे आकडा दिसण्यात काय आहे ते कळेल.

रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी द्यायला गेलो, की त्या दिवशीच नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शुगर खाली ओढली जाते. कष्टाचा परिणाम इतका लांबतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, वहीत दिसलं. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी जेवढी शुगर चढवते तेवढी दोन भाकरीही चढवत नाहीत, हेही वहीतच दिसलं. ताप आला की जेवण कमी असूनसुद्धा शुगर वाढते. अशा वेळी "आज जेवला नाही, मग सुई नको" असं घरच्यांनी आपल्या मनाने ठरवणं जीवघेणं ठरू शकतं, खासकरून टाइप १ च्या पोरांना. रोज त्याच जागी टोचलं की तिथं गाठ धरते, आणि गाठीतून इन्सुलिन आज कमी शोषलं जातं, उद्या एकदम. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा चोरून खातो.

आता सकाळच्या वाढलेल्या शुगरचं बघा. उपाशीपोटी २२० आली. कारणं किमान तीन असू शकतात. रात्रीचं इन्सुलिन कमी पडलं असेल. पहाटे शरीर स्वतःच शुगर वाढवतं, ते झालं असेल. किंवा रात्री २ ला शुगर पडली, माणसाने अर्धवट झोपेत उठून डब्यातलं सापडेल ते खाल्लं आणि सकाळी आकडा वर गेला. पहिल्या कारणावर डोस वाढवणं बरोबर. तिसऱ्या कारणावर डोस वाढवणं म्हणजे दुसऱ्या रात्री त्याला खड्ड्यात ढकलणं. यातलं कुठलं कारण आहे ते कसं कळणार? रात्री २-३ वाजता एकदा मोजून. म्हणजे स्ट्रिप लागणारच. ओपीडीतल्या डॉक्टरांसमोर शंभर पेशंट असतात आणि या पेशंटचा एकच आकडा असतो. त्यांनी तरी काय करावं? दोष त्या माणसाचा नाही. त्याला आंधळेपणाने काम करायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

यावर मला नेहमी चार उत्तरं मिळतात. एकेक घेतो.

पहिलं उत्तर: "तीन महिन्यांची एचबीए१सी चाचणी होते ना, मग रोज कशाला मोजायचं?" ती चाचणी सरासरी सांगते. एका वेळी शुगर ५० आणि एका वेळी २५०, सरासरी १५०. कागदावर माणूस ठणठणीत. प्रत्यक्षात तो एकदा बेशुद्धीच्या दारात जाऊन आला आणि एकदा किडनी जाळून आला. नदीची सरासरी खोली चार फूट आहे म्हणून कोणी पोरांना पोहायला सोडत नाही.

दुसरं: "स्ट्रिप काय, मेडिकलात मिळते की." मिळते. एक स्ट्रिप कंपनीप्रमाणे साधारण १५ ते २५ रुपयांना पडते. २० धरा. दिवसातून चारदा म्हणजे ८० रुपये, महिन्याला २४०० रुपये. आपल्याकडे बाईची शेतातली मजुरी दिवसाला ३०० धरली, तर महिन्यातले आठ दिवस ती फक्त बोट टोचण्यासाठी राबणार. मग ती काय करते? मोजणं बंद करते. शुगर वाढलेली बरी पण पडायला नको, म्हणून स्वतःच डोस कमी करते. पाच-सात वर्षांनी डोळ्याला अंधारी येते, तेव्हा आपण म्हणतो, अडाणी आहेत, काळजी घेत नाहीत.

तिसरं: "सरकारने जीएसटी कमी केला." हो, २०२५ मध्ये ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. चांगलं केलं. आता हिशोब करा. कंपनीने सगळा फायदा खाली सोडला, तरी २० ची स्ट्रिप पावणेएकोणीसला पडते. सव्वा रुपया वाचला.

चौथं: "एवढा पैसा कुठून आणायचा?" हेच सरकार शुगर हाताबाहेर गेल्यावर पेशंट आयसीयूत भरती झाला, की योजनेतून हजारो रुपये भरायला तयार असतं. डायलिसिस सेंटर उघडायला फीत कापायला येतात. माणूस मोडल्यावर खर्च करायचा, तो मोडू नये म्हणून करायचा नाही, हा कुठला हिशोब? आणि होऊ शकत नाही असंही नाही. केरळ सरकारची 'मिठायी' नावाची योजना आहे, फक्त टाइप १ च्या मुलांसाठी. नाव बघा, मिठायी! त्यात मुलांना इन्सुलिन पेन मिळतात, स्ट्रिपा मिळतात, शिकवणारे लोक मिळतात. ते राज्य चंद्रावर नाही.

आपल्याकडे तर लहान पोरं कोणाच्या हिशोबातच नाहीत. सरकारची मधुमेह तपासणी ३० वर्षांवरच्यांची. टाइप १ होतो आठव्या वर्षी, बाराव्या वर्षी. त्या पोराला वर्गात लो झालं तर मास्तरांना काय करायचं ते माहीत नाही. सीबीएसईने २०१७ मध्ये अशा मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या आणि खाऊ न्यायची परवानगी दिली. आपल्या झेडपीच्या शाळेतल्या पोराने वर्गात गूळ काढला तर बाकावर उभा राहतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर विचारूच नका. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन जायचं ते उन्हाळ्यातच परत. कोपीत फ्रीज कुठला? इन्सुलिन कुठल्या जिल्ह्यातून घ्यायचं? दुसऱ्या दवाखान्यात ४० ऐवजी १०० ताकदीचं इन्सुलिन मिळालं आणि हातात जुनी लाल टोपणाची ४० ची सिरिंज असली, तर त्याच रेघेपर्यंत भरलेला डोस थेट अडीचपट होतो. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं कोणाची ड्युटी आहे, ते कोणी सांगेल का?

आमच्या मागण्या चार आहेत.

१. सरकारी दवाखान्यातून इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला बाटलीबरोबर महिन्याच्या स्ट्रिपा द्या. मुलांना आणि गरोदर बायकांना जास्त द्या. वाया जातील अशी भीती असेल तर वही तपासून पुढच्या द्या. आम्ही दाखवायला तयार आहोत.

२. इन्सुलिन सुरू करताना एक तास बसवून मराठीत शिकवा: कुठे टोचायचं, जागा कशी बदलायची, गढूळ इन्सुलिन तळहातात कसं घोळवायचं, उन्हाळ्यात बाटली ओल्या माठात कोरडी कशी ठेवायची, लो झालं तर काय करायचं.

३. ऊसतोडीला जाणाऱ्यांना निघताना पूर्ण मुदतीचा साठा, एकाच ताकदीचं इन्सुलिन आणि त्याच ताकदीच्या सिरिंजा द्या.

४. शाळा, एसटी आगार आणि पोलीस ठाण्यात लो शुगरची लक्षणं लिहिलेला एक फलक लावा. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, ते सावकाश चढतं. १५ मिनिटांनी परत मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. एवढ्यावर जीव वाचतो.

बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये इन्सुलिनचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. ही वस्तू पैशासाठी अडू नये म्हणून. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आपल्याकडे ती एका २० रुपयांच्या पट्टीसाठी अडली आहे.

एक विनंती. ही पोस्ट वाचून कोणीही आपला डोस परस्पर बदलू नका. आपल्या डॉक्टरांनाच विचारा, पण चार दिवसांचे आकडे लिहून घेऊन जा. परवडेल तेवढंच मोजा, पण लिहा.

येत्या सोमवारी सकाळी ११ वाजता मी तालुक्याच्या दवाखान्यात रुग्ण कल्याण समितीच्या नावाने अर्ज देणार आहे. समितीकडे निधी असतो, तो कशावर खर्च झाला हेही विचारणार आहे. पक्ष नाही, झेंडा नाही, घोषणा नाहीत. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी यावं. येताना रिकामी बाटली आणि मेडिकलचं बिल घेऊन या, टेबलावर ओळीने मांडू. नाश्ता करून या, आणि खिशात साखर ठेवा. साहेब कधी भेटतील याचा नेम नाही.